ताट आपले, साक्ष परक्याची

दिवाळीच्या फराळावरून घरात वाद व्हावा, असे पूर्वी फारसे घडत नसे. साजूक तुपातला बेसनाचा लाडू कुणी बाजूला सारला, तर त्याला मधुमेह असेल किंवा पित्ताचा त्रास असेल, असे समजून घरची बाई चिवड्याची बशी पुढे करी. अलीकडे मात्र पुण्या-मुंबईच्या काही घरांत, आणि परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांत तर अधिकच, असा एखादा तरुण पाहुणा भेटतो की जो लाडू नाकारतो तो तब्येतीसाठी नव्हे, तत्त्वासाठी. तो मांस, मासळी, अंडी खात नाहीच. पण दूध, दही, तूप आणि मधही घेत नाही. अशा माणसाला 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सोबत्यांनी प्रचारात आणला. मराठीत त्याला सोयीचा प्रतिशब्द अजून रुळलेला नाही. आपल्या 'शाकाहारी' या शब्दाने दुधातुपाला केव्हाच पोटात घेतले असल्यामुळे तो येथे उपयोगी पडत नाही.

व्हीगन मंडळी बरोबर की मांसाहारी बरोबर, याचा निवाडा करण्याचा या लेखात विचार नाही. तो ज्याचा त्याने करावा. मांसाहाराच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. आणि कागदाच्या एका ताावाएवढ्या जागेत कोंबडीला जन्मभर कोंडून ठेवण्यावर किंवा वासराला आईपासून तोडून दूध काढण्यावर जो आक्षेप घेतला जातो, त्यातही पुष्कळ तथ्य आहे. माझा प्रश्न मर्यादित आहे. या वादात दोन्ही बाजूंकडून एक साक्षीदार वारंवार पुकारला जातो. त्याला समन्स गेलेले नसते, तो कोर्टात हजर नसतो. पण त्याची जबानी मात्र वकील स्वतःच सांगून मोकळे होतात. हा साक्षीदार म्हणजे आदिवासी. आणि पाश्चात्य देशांत हा वाद चालतो तेव्हा मुख्यतः उत्तर अमेरिकेतला मूळनिवासी.

एक बाजू म्हणते, "ध्रुवाजवळचे लोक सील मारून खातात, ते काय पापी आहेत? रेड इंडियन लोक बायसन मारीत, पण त्याचे आभार मानीत आणि शिंगापासून शेपटीपर्यंत काही वाया जाऊ देत नसत. निसर्गाच्या इतक्या जवळची माणसे जर मांस खातात, तर मी खाल्ले म्हणून काय बिघडले?" दुसरी बाजू उत्तर देते, "त्याच लोकांनी प्राण्यांना भावंडे मानले आहे. सगळी सृष्टी एक आहे, ही शिकवण त्यांचीच. तेव्हा तुम्ही त्यांचे ऐकत असाल तर आजपासून मांस सोडा." दोघेही जोरात बोलतात. ज्यांच्याविषयी बोलणे चालले आहे, त्यांना 'रेड इंडियन' व 'एस्किमो' ही नावे इतरांनी दिली आणि ते स्वतःला लकोटा, मकाह, मिग्माक, इनुइट अशा निरनिराळ्या नावांनी ओळखतात, याची खबर दोघांनाही सहसा नसते.

बर्गर कुणाच्या परंपरेतला?

प्रथम मांसाहाराची बाजू पाहू. शिकागोत किंवा मुंबईत बसून बर्गर खाणाऱ्या माणसाने अमेरिकेच्या मूळनिवाशांचा दाखला द्यावा, यात एक मोठी गंमत आहे. गाय, डुक्कर व कोंबडी हे तिन्ही प्राणी युरोपियनांनी त्या खंडात नेले. कोलंबस १४९३ साली दुसऱ्या सफरीवर निघाला, तेव्हा त्याच्या गलबतांवर गुरे व डुकरे होती. ज्या घोड्यावर बसून बायसनची शिकार करणारा इंडियन आपण सिनेमात पाहिला, तो घोडासुद्धा स्पॅनिश लोकांबरोबर आलेला. त्याच्या आधी हजारो वर्षे तेथील अनेक समाज शेती करीत होते. मका, घेवडा आणि भोपळा ही तीन पिके एकमेकांच्या आधाराने लावण्याची त्यांची रीत 'तीन बहिणी' या नावाने प्रसिद्ध आहे: मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो, घेवडा जमिनीला नत्र देतो आणि भोपळ्याची पाने जमीन झाकून ओल टिकवतात.

लकोटा समाजातील शॉन शर्मन नावाच्या बल्लवाचार्याने आपल्या लोकांचे जुने अन्न पुन्हा पुढे आणण्याचा उद्योग आरंभला आहे. त्याचे पाककृतींचे पुस्तक २०१७ साली निघाले, आणि २०२१ साली त्याने मिनिअॅपोलिस शहरात ओवाम्नी नावाचे उपाहारगृह काढले. त्याच्या स्वयंपाकात बायसन आहे, हरण आहे, मासे आहेत, रानटी तांदूळ आणि मका आहे. नाही ते काय? तर गोमांस, डुकराचे मांस, कोंबडी, दूधदुभते, गव्हाचे पीठ आणि उसाची साखर. म्हणजे मूळनिवाशांच्या नावाने ज्या बर्गरचे समर्थन होते, त्यातला पाव, चीज आणि मांस हे तिन्ही मूळनिवाशाच्या या स्वयंपाकघरात वर्ज्य आहेत. व्हीगनांनीही लगेच टाळ्या वाजवू नयेत. शर्मनने दूध टाळले ते गायीच्या कळवळ्याने नव्हे. जे आक्रमणाबरोबर आले ते ताटातून काढायचे, हा त्याचा हिशेब आहे.

उलट ज्याला आज पुष्कळजण 'इंडियन' खाद्य समजतात, त्या तळलेल्या मैद्याच्या रोटीची कहाणी दुःखाची आहे. १८६४ साली अमेरिकन लष्कराने नावाहो लोकांना त्यांच्या भूमीतून शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतील बॉस्क रेडोंडो येथे नेऊन डांबले. तेथे त्यांना शिधा मिळे तो पीठ, चरबी, साखर असा. नेहमीचे अन्न हिरावलेल्या बायकांनी त्या शिध्यातून जे करता आले ते केले. परंपरा म्हणून आपण बोट दाखवतो, ती कधी कधी उपासमारीत सापडलेली वाट असते.

आभार मानण्याचा अर्थ

"ते आभार मानीत" हे वाक्य या वादात फारच स्वस्त झाले आहे. हॉटेलात ताट समोर आल्यावर मनातल्या मनात 'थँक यू' म्हटले की त्या परंपरेशी नाते जुळले, असा काहींचा समज दिसतो. मुळातले आभार एवढ्यावर भागत नसत. इनुइट शिकारी मारलेल्या सीलच्या तोंडात गोड्या पाण्याचा घोट घालीत. खाऱ्या पाण्यात राहणारा तो जीव तहानलेला असतो, आणि पाहुणचार नीट झाला तरच तो पुन्हा येईल, ही भावना. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या अनेक समाजांत हंगामातला पहिला सामन मासा विधिपूर्वक सर्वांनी वाटून खायचा आणि त्याची हाडे नदीला परत करायची. हा विधी होईपर्यंत बाकीची मासेमारी थांबलेली असे, आणि तेवढ्यात कितीतरी मासे वरच्या अंगाला अंडी घालायला निघून जात. उत्तरेच्या अरण्यांतील क्री लोकांत बीव्हरची हाडे कुत्र्यांपुढे टाकणे हा त्या प्राण्याचा अपमान समजत.

म्हणजे आभार ही कर्जाची कबुली होती, आणि कर्जाबरोबर अटी येत: केव्हा मारायचे, किती मारायचे, कुणाला वाटा द्यायचा, हाडांचे काय करायचे. ज्याला ही कोणतीच अट नको, फक्त मांस हवे, त्याने आभारांचा दाखला देणे म्हणजे कर्जाची रक्कम उचलून कागदावर सही दुसऱ्याची करण्यासारखे आहे.

दुसरीकडे, त्या लोकांना देवमाणसे करून ठेवणेही त्यांच्यावर अन्यायच आहे. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात एक कडा आहे. बायसनचे कळप पळवत नेऊन त्यावरून खाली पाडण्याची शिकार तेथे सुमारे सहा हजार वर्षे चालली. युनेस्कोने १९८१ साली त्याला जागतिक वारशात स्थान दिले. कोलोरॅडोत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या अशाच एका शिकारीचे अवशेष सापडले. घळीत पडलेल्या जवळजवळ १९० बायसनपैकी अगदी तळाशी चिरडलेली काही जनावरे कापलीच गेली नव्हती. म्हणजे काही वाया जाऊ न देण्याचा नियमही परिस्थितीप्रमाणे वाके. ती माणसेच होती. कोट्यवधी बायसन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजारापेक्षाही कमी उरले, ते मात्र या कड्यांमुळे नव्हे. कातड्याच्या व्यापाराने आणि बंदुकीने.

सीलच्या पिलाचे डोळे

आता प्राण्यांची कड घेणाऱ्यांची बाजू. हेतू चांगला असला की दुसऱ्याच्या जगण्याकडे न पाहिले तरी चालते, या समजुतीने केवढे नुकसान होते, हे सीलच्या प्रकरणात दिसले. न्यू फाउंडलंडजवळच्या बर्फावर व्यापारी शिकारी सीलच्या पांढऱ्याशुभ्र पिलांना सोट्याने मारीत. १९७७ साली ब्रिजित बार्दो ही फ्रेंच नटी तेथे गेली. तिची आणि त्या पिलांची छायाचित्रे जगभर झळकली. युरोपात संतापाची लाट आली, आणि १९८३ साली युरोपीय समुदायाने अशा पिलांच्या कातड्यांची आयात बंद केली.

इनुइट लोक ही पिले मारीत नव्हते. ते मारीत तो प्रामुख्याने निराळ्या जातीचा, वाढ झालेला सील. मांस घरी व शेजारी वाटून खात आणि कातडे विकत. त्या पैशांत काडतुसे आणि बर्फावरच्या गाडीचे तेल येई. पण बाजाराला पिलाचे कातडे आणि थोराचे कातडे यांतला फरक कोण समजावणार? सगळ्याच कातड्यांचा भाव कोसळला. ज्या गावांत भाजी विमानाने येते, तेथे घरोघरची मिळकत गेली. २००९ साली युरोपीय संघाने सीलच्या जवळजवळ सर्वच मालावर बंदी घातली. इनुइटांना सूट ठेवली, पण गिऱ्हाईकच नाहीसे झाल्यावर ती सूट कागदावर राहिली. चळवळीत आघाडीवर असलेल्या ग्रीनपीसच्या कॅनडा शाखेने २०१४ साली इनुइटांची जाहीर क्षमा मागितली. अलीथिया आर्नाकक-बारिल या इनुइट दिग्दर्शिकेने २०१६ साली 'अँग्री इनुक' हा चित्रपट काढून आपल्या लोकांची बाजू मांडली.

आणि गंमत अशी की, व्यापारी शिकारीचे समर्थकही या काळात इनुइटांचेच नाव पुढे करीत राहिले. प्राणिमित्रांनी ज्यांना विचारात घेतले नाही, त्यांनाच व्यापाऱ्यांनी ढालीसारखे वापरले.

वॉशिंग्टन राज्याच्या टोकाला राहणाऱ्या मकाह लोकांचेही असेच. १८५५ च्या करारात त्यांनी आपली जमीन सोडली, पण देवमासा मारण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे गोऱ्या व्यापाऱ्यांनी देवमासे संपवत आणल्यावर १९२० च्या सुमारास त्यांनी आपण होऊन शिकार थांबवली. संख्या पुन्हा वाढल्यावर १७ मे १९९९ रोजी त्यांनी एक देवमासा मारला, तेव्हा केवढा गदारोळ झाला. त्यानंतर कज्जे व चौकशा यांत पाव शतक गेले, आणि २०२४ साली सरकारने दहा वर्षांत जास्तीत जास्त पंचवीस देवमासे मारण्याची मोकळीक दिली. हा प्रश्न कराराचा, शब्द पाळण्याचा आहे. त्यावर ज्याला जे मत द्यायचे ते त्याने द्यावे. पण माझ्या बाजारहाटातल्या पापलेटाला त्यातून परवानगीही निघत नाही आणि मनाईही.

न केलेले भाषण

परक्याच्या तोंडी आपले शब्द घालण्याची हौस कुठवर जाते, याचा नमुना म्हणजे सिएटल या सरदाराचे भाषण. पृथ्वी ही माता, प्राणी ही भावंडे, असे सांगणारा तो मजकूर प्राणिमित्र व निसर्गप्रेमी फार आवडीने वापरतात. सरदार सिएटल खरा. त्याच्या नावाचे शहरही आहे. १८५४ च्या सुमारास त्याने गोऱ्या अधिकाऱ्यांपुढे भाषण केले, तेव्हा हजर असल्याचे सांगणाऱ्या डॉक्टर हेन्री स्मिथ यांनी ते तेहतीस वर्षांनी, १८८७ साली, वृत्तपत्रात छापले. तेवढ्यानेच त्यातले किती अस्सल, ही शंका येते. पण आज जो मजकूर गाजतो, तो त्याहूनही निराळा. तो १९७१ च्या सुमारास टेड पेरी नावाच्या लेखकाने एका चित्रपटासाठी लिहिला, आणि निर्मात्यांनी लेखकाचे नाव न देता तो सरदाराच्याच नावावर खपू दिला.

मजकुरात पुरावाही आहे. आगगाडीतून गोळ्या घालून मारलेले हजार बायसन कुजत पडलेले आपण पाहिले, असे हा सरदार त्यात सांगतो. सिएटल राहिला समुद्रकाठी, सामन माशांच्या प्रदेशात. तेथे बायसनचे कळप नव्हते. तो १८६६ साली वारला, आणि खंड ओलांडणारा पहिला लोहमार्ग पुरा झाला १८६९ साली. ज्या सरदाराने खरोखर आपल्या लोकांची भूमी जाताना पाहिली, त्याचे दुःख बाजूला राहिले आणि आपल्याला ऐकायला गोड वाटेल ते त्याच्या तोंडी आले.

आपल्या अंगणात

हे सर्व दूरदेशचे झाले, असे वाटून वाचकांनी निश्चिंत होऊ नये. आपल्याकडेही हा साक्षीदार पुकारला जातोच. "आपले आदिवासी शिकार करतातच ना?" असे शहरातला मनुष्य मटणाचा रस्सा ओरपताना सहज म्हणून जातो. आदिवासीची ती शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा ठरवली आहे. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचे त्याचे परंपरागत हक्क मान्य केले, तेव्हाही शिकारीचा हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. म्हणजे ज्या गोष्टीसाठी त्याला तुरुंग दिसू शकतो, तीच गोष्ट आपण मित्रमंडळीत आपल्या समर्थनाला वापरतो, आणि त्याच्या खटल्याच्या वेळी मात्र आपली साक्ष नसते.

दुधाचेही तेच. मध्य भारतातील कित्येक आदिवासी समाजांत गायीचे दूध काढण्याची रीत नव्हती. ते वासराचे, असे ते मानीत, हे मानववंशशास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. व्हीगन वाचकाला येथे आनंद होईल. पण याच समाजांच्या अन्नात मांस-मासळी होती. तेव्हा अर्धी परंपरा व्हीगनाने उचलायची, उरलेली अर्धी मांसाहाऱ्याने, आणि दोघांनी सांगायचे की आदिवासी आमच्या बाजूचे!

आपल्या घरचीच उदाहरणे घ्या. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करून अनेक घरांतील बायका त्या दिवशी गायीचे दूध व त्याचे पदार्थ खात नाहीत. म्हणून महाराष्ट्र व्हीगन होता, असे कुणी लिहिले तर आपण हसू. कारण चार दिवसांनी त्याच घरात बासुंदी आटते, हे आपल्याला माहीत आहे. त्याच तिथीला सह्याद्रीतले आदिवासी वाघबारस करतात आणि वाघाला देव मानून पुजतात. एखाद्या कुळाचे देवक कळंब असले, तर त्या कुळातली माणसे कळंबाला कुऱ्हाड लावीत नाहीत. पण म्हणून बाकीची झाडे तोडणे बंद होत नाही. नात्याचे नियम असे नेमके असतात. ते आपल्या घरचे असले की आपल्याला कळतात; परक्याचे असले की आपण त्यांतून एक सरसकट तत्त्व काढतो, आणि ते नेमके आपल्या सोयीचे निघते.

मग बोलायचे कुणी?

यावर कुणी विचारील, की मग या परंपरांविषयी काही बोलूच नये काय? बोलावे, त्यांच्यापासून शिकावेही. पण प्रथम त्यांचे बोलणे ऐकावे. तेही एका सुरात बोलत नाहीत. मार्गारेट रॉबिन्सन या मिग्माक विदुषी स्वतः व्हीगन आहेत. आपल्या समाजाच्या जुन्या कथांत प्राणी हे सोयरे आहेत आणि त्यांना मारण्याची खंत आहे, याचा आधार घेऊन त्या आपली बाजू मांडतात. परंपरा ही वाढणारी गोष्ट आहे, असे त्यांचे म्हणणे. अलीथिया आर्नाकक-बारिल सीलची शिकार हाच आपल्या लोकांच्या जगण्याचा कणा मानतात. दोघी आपापल्या समाजाच्या लेकी आहेत, आणि आपल्या बोलण्याचे बरेवाईट परिणाम त्यांना स्वतःच्या माणसांत राहून भोगायचे आहेत. आपल्याला त्यातले काहीच भोगायचे नसते. म्हणूनच आपली जीभ सैल सुटते.

यासाठी एक साधी कसोटी सुचवावीशी वाटते. ज्या समाजाचा दाखला आपण ताटापुरता देतो, त्याची जमीन धरणात जाते, त्याच्या नदीतले मासे संपतात, त्याच्यावर जंगलखाते खटला भरते, त्या वेळी आपण त्याच्या बाजूने एखादे पत्र लिहितो काय, चार पैसे देतो काय, निदान बातमी तरी वाचतो काय? उत्तर 'होय' असेल, तर त्याचे नाव घेण्याचा थोडा अधिकार आपल्याला आला. 'नाही' असेल, तर त्याचे नाव जेवणाच्या वादात न आणलेले बरे.

आणि ते न आणल्याने वाद काही अडत नाही. "मला मटण आवडते, आणि ते सोडण्याची माझी तयारी नाही," हे वाक्य सरळ आहे. "जनावराचे हाल मला पाहवत नाहीत, म्हणून मी दूधसुद्धा सोडले," हेही सरळ आहे. अशा दोन माणसांचे एकमेकांशी पटणार नाही कदाचित. पण दोघांना एकमेकांचे खरे कारण कळेल, आणि त्यावर नीट बोलता येईल. यंदा फराळाला कुणी लाडू नाकारला, तर त्याला त्याचे कारण विचारावे, आपले सांगावे. आणि तेलातल्या चकल्या त्याच्यापुढे कराव्यात. फक्त मोहन लोण्याचे आहे की तेलाचे, तेवढे मात्र खरे सांगावे.